आक्का, करेंट कवा येणार?

वीज साठवून ठेवता येत नाही, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तयार झाली की लगेच वापरायची, नाहीतर गेली! पण विजेच्या ऑफिसातले किस्से मात्र साठतात बघा. एकोणचाळीस वर्षं नोकरी केली मी, आधी बोर्डात, मग त्या बोर्डाची कंपनी झाली त्या कंपनीत. आता रिटायर होऊन बेळगावातल्या शहापुरात घरी बसलेय. पण गल्लीतली लाइट गेली की बायका अजून माझ्याच दारात येतात. "आक्का, करेंट कवा येणार?"

मी म्हणते, "मला काय ठाऊक बाई? मी आता तुमच्यातलीच!"

तोवर त्या आत येऊन बसलेल्या असतात. मग करेंट येईपर्यंत एखादा किस्सा होतो. करेंट आला तरी कुणी हलत नाही. अलीकडं तर मला दाट संशय आहे, त्यातल्या दोघीतिघी घरचा मेन स्विच पाडूनच येतात!

* * *

माझे आप्पा बोर्डात लाइनमन होते. ते ड्यूटीवर असतानाच वारले, तेव्हा मी एकवीस वर्षांची. घरात आई आणि माझ्या पाठची दोन भावंडं. अशा वेळी घरातल्या एकाला नोकरी द्यायचा नियम होता. मी कागदपत्रं घेऊन सेक्शन ऑफिसला गेले.

तिथं हिरेमठ साहेब होते. कन्नड माणूस, पण आमच्याशी मराठीत बोलायचे. मनानं चांगले, फक्त जरा भित्रे. त्यांनी कागद बघितले आणि म्हणाले, "जागा आहे अक्का. सकाळी ऑफिस झाडायचं, दिवसातून दोनदा चहा करायचा."

मी विचारलं, "साहेब, आमचे आप्पा हितं चहा करत होते काय?"

"छे छे. ते पोलवर चढत होते."

"मग मलाबी पोल द्या की!"

सगळं ऑफिस हसलं. कोपऱ्यात पक्कड पुसत बसलेला एकटा भरमाण्णा तेवढा हसला नाही. हा आप्पांच्या जोडीचा लाइनमन. तो पक्कड खाली न ठेवताच म्हणाला, "साहेब, पोल न्हाय तर न्हाय, त्यो फोन द्या की तिला. त्याला हात लावायला कोण तयार हाय हितं?"

खरंच होतं ते. तक्रारीचा फोन म्हणजे अर्ध्या बेळगावच्या शिव्यांचा नळ. आधीचे दोन ऑपरेटर बदली मागून पळाले होते.

साहेब म्हणाले, "बाईमाणूस आहे. लोक काय वाटेल ते बोलतात फोनवर."

"साहेब, आमच्या गल्लीत चारी बाजूंनी माग खडखडतात. घरात जेवायला हाक मारायची तरी केकाटावं लागतं. शिवीबी कानाशी येऊन वरडल्याबिगर ऐकू येत न्हाय. फोनवरल्या शिवीनं माझं काय व्हतंय!"

दुसऱ्या दिवसापासून फोन माझा. झाडू मात्र पुढं सहा महिने कोपऱ्यात तसाच उभा. शेवटी एका सोमवारी साहेबांनीच तो हातात घेतला!

* * *

फोनवर बसून महिना झाला नसेल. भर दुपारी रिंग वाजली. आवाज असा, की रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला तरी ऐकू यावा.

"दोन तास झाले करेंट न्हाय! तिथं काय झोपा काढताय काय? मी कोण बोलतोय ठाऊक हाय काय तुला?"

मी म्हटलं, "न्हाय ओ. करेंट गेलाय न्हवं, कायच दिसंना झालंय!"

 पलीकडून फोन आपटला.

अर्ध्या तासात दारात जीप उभी. फोन करणारे ते गृहस्थ म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. कुणाची बदली करायची, कुणाला ठेवायचं, हे त्यांच्या ओसरीवर ठरायचं. हिरेमठ साहेब खुर्चीतून उठले ते पुन्हा बसायचं विसरले.

"फोनवर कोण होतं?" त्या गृहस्थांनी दारातूनच विचारलं.

"मीच," म्हणून मी उभी राहिले.  

त्यांनी मला खालीवर बघितलं. "बाबू लाइनमनची पोरगी न्हवं तू?"

"व्हय."

"तरीच!" असं म्हणून ते वळले. जाता जाता साहेबांना एवढंच म्हणाले, "हिचा बापबी असाच होता. एकदा माझ्याच दारात उभा ऱ्हाऊन मला 'थांबा जरा' म्हणाला हुता."

ज्यासाठी आले होते तो करेंट आला की नाही, हे विचारायचं मात्र विसरूनच गेले!

* * *

आता कलाआक्काचा किस्सा. ही वडगावची. घरात दोन यंत्रमाग. लग्नसराई तोंडावर आलेली, आणि करेंट दिवसभर नुसता येतोय-जातोय. तिनं फोन केले, मी लिहून घेतले, साहेबांनी सबस्टेशनला विचारलं. सबस्टेशनच्या रजिस्टरात लिहिलेलं, 'मंगळवारी दोन वेळा बंद.' बस्स.

साहेबांनी कलाआक्काला बोलावून सांगितलं, "हे बघा, रेकॉर्ड आहे. दोनच वेळा गेलाय. तुमच्याकडं लेखी पुरावा काय?"

कलाआक्का उठून गेली. तासाभरानं परत आली ती सहा बायका घेऊन. प्रत्येकीच्या काखेत एकेक साडी.

तिनं आपली साडी साहेबांच्या टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. पेनस्टँड, फायली, फोन, सगळं साडीखाली गेलं.

"मोजा साहेब."

"काय मोजू?"

"करेंट गेला की माग मधीच थांबतोय. परत सुरू झाला की थांबल्या जागी आडवी रेघ पडतीय. मंगळवारची साडी हाय ही. मोजा रेघा."

साहेब चष्मा लावून पेनाच्या टोकानं मोजायला लागले. एक, दोन, तीन... नऊ!

साहेब जरा चाचरले. "मागात दोष असंल तुमच्या."

कलाआक्कानं मागं बघून मान हलवली. दुसरी बाई पुढं आली, तिनं आपली साडी पसरली. नऊ. मग तिसरीनं. नऊ! सात घरच्या सात साड्या, सगळ्या मंगळवारच्या, सगळ्यांवर नऊ रेघा.

"सात घरचे माग एकदमच बिघडले व्हय साहेब? तेबी ठरवून?"

साहेबांनी तिथंच सबस्टेशनला फोन लावला. रजिस्टर लिहिणारा गडी आधी आठवेना म्हणाला, मग म्हणाला, एवढं कोण लिहीत बसणार! पंधरा दिवसांत वडगावच्या मागांना वेगळी लाइन ओढून मिळाली.

पण त्या दिवशी जाताना कलाआक्कानं आपली साडी टेबलावरच ठेवली. साहेब म्हणाले, "अहो, साडी न्या की! हिचं मी काय करू?"

"ऱ्हाऊ दे. तुमचं रजिस्टर उघडं पडलंय न्हवं, त्याला नेसवा!"

* * *

आमच्या भागात गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. कडोलीचं तर सगळ्यांना माहीत आहे. त्याच बाजूच्या एका लहान गावात असंच संमेलन होतं. माइक बंद पडू नये म्हणून गावकऱ्यांनी अर्ज केला, आणि साहेबांनी भरमाण्णाला तिथं दिवसभराची ड्यूटी लावली. रविवार होता, म्हणून मीही गेले ऐकायला.

भरमाण्णानं सकाळी सात वाजल्यापासून तिथल्या टीसीशेजारी ठाण मांडलं होतं. टीसी म्हणजे ट्रान्सफॉर्मर हो. आम्ही टीसी म्हणतो, पलीकडं महाराष्ट्रात त्यालाच डीपी म्हणतात. दुपारी भाकरी खाऊन तो मंडपात येऊन मागं उभा राहिला.

पाहुणे बाहेरगावचे होते. आवाज छान होता, हात छान हलत होते. "या सीमाभागातल्या माझ्या बांधवांनो! तुम्ही अंधारात आहात! किती वर्षं तुम्ही या काळोखात चाचपडत आहात! इथं प्रकाशाचा एक किरण..."

"ओ पाहुणं!"

मागून आवाज आला. सगळ्या मंडपानं माना वळवल्या. भरमाण्णा कमरेच्या पट्ट्याला हात लावून उभा.

"सकाळी सातपास्नं करेंट हाय हितं. एक मिनिट गेलेला न्हाय. मी सोता बसलोय!"

मंडप कोसळला हसून. पाहुणे गोंधळले, म्हणाले, "अहो, मी वैचारिक अंधाराबद्दल बोलतोय."

भरमाण्णा म्हणाला, "मग तसं सांगा की. ते डिपार्टमेंट आमच्याकडं न्हाय!"

* * *

एक किस्सा मी गल्लीत क्वचित सांगते. तो हसण्यावारी न्यायचा नाही.

काही वर्षांनी मला ऑफिसशेजारच्या सबस्टेशनात ऑपरेटर केलं. लाइनमनला काम करायचं असलं की तो आधी फोन करून एलसी मागतो, म्हणजे 'लाइन क्लिअर'. ऑपरेटरनं लाइन बंद करायची, तसं सांगायचं, आणि मगच त्यानं पोलवर चढायचं. काम झाल्यावर त्याच माणसानं, स्वतःच्या तोंडानं, 'उतरलो' म्हणून कळवायचं. मग लाइन चालू. त्या वेळी मोबाइल नव्हते. लाइनमन जवळचं दुकान, दूध डेअरी, जिथं फोन असेल तिथं जाऊन कळवायचा.

त्या दिवशी भरमाण्णा बेळगुंदीच्या बाजूला पोलवर होता. लाइन बंद. आणि त्याच लाइनवर एका मोठ्या हॉलचं उद्घाटन. पाहुणे येऊन बसलेले, माइक मुका, पंखे थांबलेले.

वरच्या साहेबांचा फोन आला. हिरेमठ नव्हेत, त्यांच्याही वरचे.

"लाइन चालू करा."

"साहेब, माणूस पोलवर हाय."

"सकाळपासून काय करतोय तो? उतरला असेल एव्हाना."

हा 'असेल' शब्द तेवढा माझ्या कानात शिरला. मी म्हटलं, "साहेब, आमचे आप्पाबी उतरले असतील म्हणूनच लाइन चालू केलती. ते उतरले नव्हते."

 पलीकडून फोन ठेवला गेला. मला वाटलं, समजलं असेल.

कुठलं! वीस मिनिटांत साहेब स्वतः आले. मागोमाग हिरेमठ साहेब, घाम पुसत. साहेबांना बघितल्याबरोबर मी एक काम केलं. लाइन चालू करायचं पॅनेलचं हँडल असतं, हातभर लांब लोखंडी. ते काढलं, खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर बसले.

"उठा."

"न्हाय."

"ही ऑर्डर आहे."

"लिहून द्या साहेब. 'माणूस पोलवर असताना लाइन चालू करावी' असं लिहा, खाली सही करा. मग उठते."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. टोपण काढलं. पेन तसंच हातात राहिलं.

"तुमची बदली करीन मी. घर दिसणार नाही."

"करा की! पर आधी त्याला खाली येऊ दे."

हिरेमठ साहेबांनी आयुष्यात वरच्याला उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी तेही दाराजवळची खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले.  नुसते बसले.

चाळीस मिनिटं आम्ही तिघं त्या खोलीत. एक उभा, दोघं बसलेले. हँडल असं रुतत होतं की सांगायची सोय नाही. शेवटी फोन वाजला. मी उचलला.

"आक्का, भरमाण्णा बोलतोय. उतरलो बग. कवाच उतरलोय. म्हटलं चा पिऊन फोन करावा. चालतंय न्हवं?"

मी हसले की रडले, मला आजतागायत सांगता येत नाही. त्याला म्हटलं, "चालतंय रं भरमाण्णा. आणिक एक कप पी!"

* * *

बदली झालीच. निपाणीला. आठवड्याच्या आत भरमाण्णा हजर! त्यानं स्वतःहून अर्ज करून निपाणी मागून घेतली होती. "तू हिकडं आल्यावर मी तिकडं उतरलो म्हणून कुणाला सांगू?"

निपाणीच्या पुढं हद्दीवर एक गाव होतं. मधे बांध. अलीकडं कर्नाटक, पलीकडं महाराष्ट्र. अलीकडच्या लेकी पलीकडं दिलेल्या, पलीकडच्या सुना अलीकडं आलेल्या. पावसाळ्यात वारं सुटलं आणि आमचा एक पोल मुळातून उपटला. बुडखा अलीकडं आणि शेंडा पलीकडच्या उसात!

तिथले साहेब नवीन होते. त्यांनी डोकं धरलं. "आपलं साहित्य दुसऱ्या राज्यात पडलंय. वरून परवानगी आणल्याशिवाय हात लावायचा नाही." पत्र गेलं. गाव बिनकरेंटाचं. पिठाची गिरणी बंद, पाण्याची मोटर बंद. बायका घागरी घेऊन पलीकडं, दुसऱ्या राज्यात, पाणी आणायला जायच्या. त्यांना कुणी परवानगी विचारली नाही.

पाचव्या दिवशी मी भरमाण्णाला म्हटलं, "पत्राचं काय व्हईना."

"पत्र चालत येतंय व्हय आक्का? पोल चालत न्हाय तसंच तेबी."

त्यानं पलीकडच्या वायरमनला निरोप पाठवला. तो आपला दोर घेऊन आला. पलीकडच्या ऊसवाल्यानं बैल दिले. अलीकडचे दहा, पलीकडचे दहा, असे वीस गडी लागले आणि दुपारच्या जेवणापर्यंत पोल उभा! तारा ओढून झाल्या, गिरणी सुरू झाली, आणि पहिलं पीठ पलीकडच्या वायरमनच्या घरी गेलं.

तीन महिन्यांनी लखोटा आला. पोल उचलायला परवानगी दिलेली, पण अट अशी, की दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांनी समक्ष उभं राहून उचलून घ्यावा.

साहेबांचा चेहरा उतरला. "आता काय दाखवायचं रे त्यांना?"

भरमाण्णा तंबाखू मळत होता. शांतपणे म्हणाला, "येऊ द्यात की. धा मिनिटांत परत आडवा करतो!"

* * *

चारेक वर्षांनी आम्ही परत बेळगावला आलो तेव्हा बोर्डाची कंपनी झाली होती. पाटी बदलली, लेटरहेड बदललं, पोल तेच. मी परत तक्रारीच्या फोनवर. एक दिवस बंगळूरहून ट्रेनर आला. टाय लावलेला, पोरगेला, गोड. म्हणाला, आता ते ग्राहक आहेत. हसून बोलायचं, हसू आवाजातून कळतं. आणि त्यानं एक छापील कार्ड दिलं. प्रत्येक फोनला हेच म्हणायचं. मग तो माझ्या शेजारी वही घेऊन बसला.

पहिलाच फोन बेळगुंदीच्या नागाप्पाचा. रताळ्याचा शेतकरी. निपाणीला जायच्या आधी कित्येक वर्षं मलाच फोन करणारा.

मी हसून कार्ड वाचलं. "नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे. मी आपली काय सेवा करू?"

 पलीकडून दबका आवाज. "आक्का हाय काय तिथं?"

"मीच बोलतेय."

"मग असं का बोलालीस गं? बरी हाईस न्हवं? शेजारी कोण बसलंय काय?"

मी टायकडं बघितलं. "होय."

"कळलं. तू कायबी बोलू नगंस. मी इचारतो, तू नुसतं व्हय न्हाय म्हण. मोटरला करेंट आत्ता येतोय?"

"नाही."

"सांजंपतोर?"

"होय."

"बास. जिवाला जप!" आणि फोन ठेवला.

ट्रेनर भलताच खूश. घड्याळ बघून म्हणाला, "व्हेरी गुड मॅडम! ग्राहकाचं समाधान एका मिनिटाच्या आत!" त्यानं वहीत लिहून घेतलं, दिवसातला उत्कृष्ट कॉल!

मी ते कार्ड त्याच्यादेखत टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातलं. पुढच्या फोनला नेहमीसारखं म्हटलं, "काय झालंय, सांग."

* * *

रिटायर व्हायला वर्ष राहिलं होतं. माझी शेवटची बदली खानापूरकडं झाली. तेव्हा वरून हुकूम निघाला होता, एकही घर विजेशिवाय राहता कामा नये. सगळ्या यादीत आमच्या सेक्शनचं एकच घर उरलं. गुंजीच्या पुढं, रानाच्या कडेला, पारूआजीचं. ती एकटीच राहायची. आणि ती वीज घेत नव्हती!

आधी लाइनमन गेला. तिनं त्याला ताक पाजून परत पाठवलं. मग साहेब गेले. तरणे होते, चांगले होते. त्यांनाही ताक. मग पंचायतीचे लोक गेले. ताक पिऊन आले. शेवटी साहेब मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही बाईमाणूस. तुम्हीच समजवा. शनिवारपर्यंत शंभर टक्के झाल्याचं कळवायचंय."

मी जीपमधून गेले. साहेबही बरोबर आले, पण बांधावरच थांबले. घर लहानसं, शेणानं सारवलेलं. आणि घरासमोर फणस. असला फणस मी उभ्या जन्मात बघितला नव्हता. बुंध्याला दोघींनी हात लावून कवळ घातली असती तरी पुरली नसती.

पारूआजीनं मला ताक दिलं. मी विचारलं, "आजी, वीज का नको म्हणता?"

"नको कोण म्हणालं? तुमची तार कुठनं येणार, बघ की."

मी बघितलं. पोलची खूण केली होती त्या रेषेत फणस. सरळ मधोमध.

"झाड पाडायला आलते. मी म्हटलं, बाजूनं न्या. दोन खांब जास्त लागतील म्हणाले. मी म्हटलं, घाला. तर म्हणाले, एस्टिमेटात बसत न्हाईत. म्हटलं, मग माझ्याबी घरात तुमची वीज बसत न्हाय!"

"पण आजी, एवढी वर्षं अंधारात..."

"एवढी वर्षं तुम्ही कुठं हुता?"

 मी ताक संपवलं. बाहेर जाऊन साहेबांना विचारलं, दोन पोलांचं काही होईल का? ते म्हणाले, नवीन मंजुरीला सहा महिने, आणि आपल्याकडं शनिवार. त्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला. त्यात छापलेलंच होतं, 'सदर घरास वीज पोहोचली.' खाली शेऱ्याची एक ओळ रिकामी, आणि तिच्याखाली घरमालकाच्या सहीची जागा.

मी परत आत गेले. फॉर्म बघून आजी म्हणाली, "ह्यात काय लिवलंय?"

"तुमच्या घरात वीज आली म्हणून."

"आली न्हाय."

"न्हाय आली."

"आणि तू ह्यो कागद तसाच परत नेलास तर?"

"साहेबांना वरून बोलणी बसतील. परवा झाड पाडायला माणसं येतील, पोलिस घेऊन."

आजीनं फणसाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग पदरानं हात पुसले आणि अंगठा पुढं केला.

"आण हिकडं. पर आधी त्या मोकळ्या जागंत मी सांगते ते लिव्ह."

मी पेन उघडलं. "सांगा."

"लिव्ह, वीज आलती. म्हातारी घरात न्हवती!"